माझ्या वर्गात वाचायला कोण शिकलं?

आपण वाचायला कसे शिकलो हे जवळजवळ कुणालाच आठवत नाही. शाळेतला पहिला दिवस आठवतो, पाटी फुटलेली आठवते, शेजारी कोण बसायचं तेही आठवतं. पण कागदावरच्या खुणांतून एकदम अर्थ निघू लागला, तो क्षण कुणाच्याच आठवणीत नसतो. माझ्याही नाही. त्यामुळे पहिलीच्या वर्गावर उभी राहिले तेव्हा मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली की वाचन येतंच, असं मी गृहीत धरलं होतं. डी.एड.ला शिकलेल्या पद्धतींची नावं मला पाठ होती. ती मी परीक्षेत लिहिली, आणि वर्गात मात्र माझ्या गुरुजींनी मला जसं शिकवलं होतं तसंच शिकवत राहिले.

आता नोकरीचा मोठा भाग मागे पडला आहे. मावळ तालुक्याच्या दोन टोकांना मी शिकवलं. आधी लोणावळ्याजवळच्या एका गावात, आणि आता टाकव्याच्या पुढे, अंदर मावळातल्या एका दुशिक्षकी शाळेत. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्या. पहिली-दुसरीचे वर्ग बहुधा माझ्याकडेच येत गेले. ‘मॅडमच्या हाताखालची मुलं वाचतात’ असं मी बदलीच्या वेळी, निरोपाच्या कार्यक्रमात ऐकलं आहे. ऐकून बरं वाटलं होतं. अलीकडे मात्र तेच वाक्य मनात घोळत राहतं. वाचायला शिकली त्यांतली माझ्यामुळे शिकली ती किती, आणि मी नसते तरी शिकलीच असती ती किती? आणि जी शिकली नाहीत, त्यांचा हिशोब कुणाकडे लिहायचा?

प्रत्येक वर्गात चार-दोन मुलं अशी असतात की दिवाळीपर्यंत ती वाचू लागतात. त्यांच्या घरी मोठी बहीण असते, दहावी-बारावी झालेली आई असते, भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, वडील मोबाइलवरच्या बातम्या मोठ्याने वाचत असतात. ही मुलं हात वर करतात, फळ्याजवळ धावत येतात. परिपाठात बातम्या तीच वाचतात. केंद्रप्रमुख वर्गात आले की पुस्तक त्यांच्याच हातात दिलं जातं. त्यांच्यामागून वर्गाचा मधला भाग हळूहळू सरकतो. आणि मग उरतात ती मुलं, ज्यांच्या घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड, विजेचं बिल आणि असलंच तर एखादं कॅलेंडर. ठाकरवाडीतून येणारी, कातकरी वस्तीतून येणारी, पॉलिहाउसवर कामाला आलेल्या कुटुंबांतली. अख्ख्या दिवसात त्यांना भेटणारं वाचतं माणूस एकच, ते म्हणजे मी.

ज्यांना माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही त्यांच्यासाठी माझी नेमणूक आहे, असं मी मानते. पण माझा वेळ कुणाला मिळाला? हात वर करणाऱ्यांना. बरोबर उत्तर ऐकलं की शिकवणाऱ्यालाही उभारी येते, आणि त्या उभारीसाठी आपण पुन्हा त्याच मुलाकडे बघतो. यात वाईट हेतू कुठेच नव्हता, म्हणूनच ते माझ्या लक्षात यायला इतका काळ गेला. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात त्यांची मोठी तक्रार हीच होती की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणाचा खर्च मात्र होतो वरच्या थरांवर. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणीही त्यांनी तिथेच केली. दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला मी मुलांना भिडेवाड्यातल्या १८४८ सालच्या मुलींच्या शाळेची गोष्ट सांगते. सांगताना फुल्यांची ती तक्रार सरकारला उद्देशून होती असंच मला वाटायचं. चार भिंतींच्या एका खोलीतही तोच हिशोब चालू असू शकतो, हे मनाशी कबूल करायला मला वेळ लागला.

वाचता न येणारं मूल नेमकं कुठे अडतं हेसुद्धा मी नीट पाहिलं नव्हतं. मराठी सोपी आहे, जसं लिहितो तसं वाचतो, असं आपण म्हणतो. सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघितलं तर तसं ते नाही. ‘कि’ची वेलांटी आधी दिसते आणि उच्चारायची असते मागाहून. उकार अक्षराच्या पायाशी, मात्रा डोक्यावर, काना उजवीकडे. डोळ्याने सरळ पुढे जाऊन भागतच नाही, प्रत्येक अक्षराच्या चारी बाजूंना बघावं लागतं. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण बोलायचा ‘य’च्या आधी. ‘प्रकाश’मध्ये तोच र पोटात शिरतो, ‘ट्रक’मध्ये पायाखाली जातो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्यात फरक एवढासा. ‘चमचा’तला च वेगळा, ‘चिमणी’तला वेगळा, आणि लिहायचं मात्र एकच अक्षर. पुस्तकातला देठाचा श आणि पाकळीचा ल मोबाइलच्या पडद्यावर भलत्याच रूपात येतात. चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बाराखडी केली तर चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं सोडून.

यातला प्रत्येक आकार आठवून आठवून ओळखायचा तर मुलाची सगळी ताकद तिथेच संपते. मा… क… ड… करत ते वाक्याच्या शेवटाला पोचतं तेव्हा सुरुवात विसरलेली असते. त्याने माकड वाचलेलं असतं, पण त्याला माकड दिसलेलं नसतं. दुसऱ्या काही मुलांचं उलटं. ती धडा घडाघडा म्हणतात, बोट ओळीवरून फिरत असतं, आणि जरा वाकून पाहिलं तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या. चित्र झाकलं की आवाज थांबतो. असा एक मुलगा माझ्या वर्गातला चांगला वाचणारा गणला जायचा. एकदा मी फळ्यावर आमच्या भागातल्या गावांची नावं लिहिली: कान्हे, टाकवे, खांडी, कुसूर. त्याला एकही वाचता आलं नाही. ‘खांडी’ची पाटी तो रोज गाडीवर बघत होता. तेव्हापासून कुणाचं वाचन बघायचं असलं की मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवते.

इथे मला माझ्या घराविषयी लिहावं लागेल. माझी मुलगी तळेगावात इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जाते. पालकसभेत एका आईने मला सरळ विचारलं, “मॅडम, तुमची पोरगी कुठल्या शाळेत असती?” मी खरं ते सांगितलं. त्या बाईने मान हलवली आणि पुढचा विषय काढला. माझ्याकडे कारणं आहेत: माझ्या बदल्या, रोजचा येण्याजाण्याचा वेळ, घरच्यांची मतं. ती सगळी खरी आहेत, आणि त्यांच्याखाली आणखी एक कारण आहे. ज्या घरांत पुस्तकं आहेत अशाच घरांतल्या मुलांमध्ये ती वाढावी असं मला वाटत होतं. माझ्या शाळेतल्या पालकांनाही आपल्या मुलांसाठी हेच वाटत असणार. फरक इतकाच की ते निवडायची सोय त्यांच्याकडे नाही. या प्रश्नाचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

पण मला त्याहून जास्त छळते ती दुसरी गोष्ट. माझ्या मुलीला मराठी वाचायला तिच्या शाळेने शिकवलं नाही, ती घरीच शिकली. रात्री झोपताना एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची. शब्दांखालून माझं बोट फिरायचं, मी मुद्दाम एखादा शब्द गाळला की ती चिडून तो सांगायची. वाण्याच्या यादीत ‘साखर’ कुठे लिहिलंय ते शोधायची. आजोबांना चिठ्ठी लिहिताना तिने अर्धी अक्षरं उलटी काढली, आणि आजोबांनी ती सगळी वाचली. मी तिला एकदाही ‘क’ची ओळ गिरवायला बसवलं नाही. म्हणजे वाचन कसं रुजतं हे मला ठाऊक होतं. मांडी, गोष्ट, गप्पा, चुकायची मोकळीक, आणि वाचण्यासारखं काहीतरी. हे घरी मी बिनबोभाट केलं आणि वर्गात पहिल्या आठवड्यापासून गिरवणं सुरू केलं.

का केलं? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दोन वर्ग एका खोलीत असतात, एकाला कामाला लावल्याशिवाय दुसऱ्याला शिकवता येत नाही, हे खरं. पण गिरवायला दिलं की वर्ग शांत होतो, हेही खरं. ती शांतता मला हवी असायची, कारण मोबाइलच्या गटावर ‘आजच्या आज माहिती भरा’ असा निरोप आलेला असायचा. पोषण आहाराची नोंद, कुठली तरी लिंक, कुठला तरी अहवाल. शिक्षकांच्या गळ्यात अडकवलेली ही कामं कमी व्हायला हवीत, याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते मी बैठकांमध्ये मांडतेही. त्या कामांसाठी मुलांच्या कुठल्या वेळाला कात्री लावायची हे मात्र मी ठरवलं होतं. ‘लेखनाचा तास’ या नावाखाली जे चालायचं, तो बऱ्याचदा माझ्या माहिती भरण्याचा तास होता.

हे फक्त माझ्याच वर्गात घडत होतं असं नाही. भारतीय भाषांमधलं प्रारंभिक वाचन-लेखन कसं शिकवलं जातं याचा एक सविस्तर अभ्यास पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये झाला. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वाड्याची मुलं मराठीत शिकणारी, पुष्कळशी आदिवासी, म्हणजे माझ्या वर्गातल्यांसारखीच. त्यातलं वर्गांचं वर्णन वाचताना कुणीतरी माझ्याच खिडकीत बसून लिहिलंय असं वाटलं. अक्षरं ठरलेल्या क्रमाने घोकणं, फळ्यावरचं उतरवून काढणं, सामूहिक उत्तरं, आणि स्वतःच्या मनातलं लिहायला जवळजवळ जागाच नाही. तिसरी संपताना बरीच मुलं साध्या मजकुराशीही झगडत होती. ‘घरचं वातावरण नाही’ हे माझं नेहमीचं वाक्य तो अहवाल वाचल्यावर मला पूर्वीसारखं म्हणता येईना. घरचं वातावरण नाही, म्हणून तर शाळा आहे.

भाषेचंही तसंच. लोणावळ्याजवळच्या शाळेत बंगल्यांच्या राखणदारांची, हॉटेलांत काम करणाऱ्यांची, रस्त्याच्या कामावर आलेल्यांची मुलं होती. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी नेपाळी, कुणाच्या घरी हिंदी. त्या मुलांना मराठी येत नाही हे मला उघड दिसायचं, म्हणून मी त्यांच्याशी सावकाश बोलायचे, चित्रं दाखवायचे. अंदर मावळात आले तर सगळे मराठीच बोलणारे, मग मी निर्धास्त झाले. पण ‘पानी’ म्हणणाऱ्या, ‘व्हतं’ म्हणणाऱ्या, कातकरी बोलीतच विचार करणाऱ्या मुलासमोर पुस्तकातली मराठीही बरीचशी परकीच असते. ते बोललं की मी सुधारायचे, “पानी नाही, पाणी.” आपण तोंड उघडलं की चुकतं, एवढंच त्यातून ते शिकायचं, आणि मग तोंडच उघडायचं नाही. जे मूल वर्गात बोलत नाही त्याला वाचन कसं येणार?

पाऊस लागला की आमच्याकडची मुलं ओढ्यावर खेकडे धरायला जातात. टाकळा, भारंगी, कुर्डू कुठे उगवतं ते त्यांना ठाऊक असतं. गुरुजींना, मॅडमना यातलं फारसं येत नाही हेही त्यांना ठाऊक असतं. एका पावसाळ्यात वर्गात कधीच न बोलणाऱ्या एका ठाकर मुलाने दुसऱ्याला खेकड्याची हकीकत सांगताना मी ऐकलं आणि त्याला फळ्यापाशी बोलावून ती पुन्हा सांगायला लावली. तो सांगेल तसं मी लिहीत गेले: दादानी दगूड उचालला, खाली ह्यो मोठा खेकडा व्हता. मग सगळ्यांनी ते वाचलं. त्याने स्वतःने वाचलं तेव्हा तो अक्षरं जुळवत होता, पण पुढे काय येणार हे त्याला माहीत असल्यामुळे शब्द सापडत होते. ‘खेकडा’ हा शब्द तो पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत विसरला नाही. त्यानंतर असे मुलांच्या तोंडचे मजकूर मोठ्या कागदांवर लिहून मी भिंतीला लावू लागले.

माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. शाळेच्या भिंतीवर ‘व्हता’ लिहायचं का? पुढे परीक्षेत तेच लिहिलं तर? त्यांची काळजी खोटी नाही. प्रमाण मराठी या मुलांना यायलाच हवी, उलट त्यांनाच ती जास्त हवी, कारण कचेरीत आणि दवाखान्यात तिच्यावाचून त्यांचं अडणार आहे. म्हणून थोड्या दिवसांनी त्याच मजकुराखाली आम्ही पुस्तकातल्या मराठीत तो पुन्हा लिहितो, आणि मुलं हौसेने फरक शोधतात. पण पहिलं वाचन आपल्या बोलण्याचं असावं, यावर मी ठाम झाले आहे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांसाठी शाळा घेऊन थेट कुरणात गेल्या, गुरं राखणाऱ्या मुलांपाशी. तेव्हाही शहाण्या लोकांना ते विचित्र वाटलंच असेल. मला तर माझ्या खुर्चीपासून फळ्यापर्यंतच जायचं होतं.

लेखनाकडे तर मी वाचनाइतकंही नीट पाहिलं नव्हतं. आम्ही कार्ल्याला सहल नेतो. चैत्यगृहातल्या लेखांविषयी मी मुलांना सांगते: लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांत दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि गावं आहेत. धेनुकाकटचे लोक आहेत, त्यांच्यात यवनही आहेत. मुलांना त्यातलं सगळ्यात काय आवडतं, तर खांबावर कुणाचं तरी नाव आहे हे. आपलं नाव लिहिता यावं ही ओढ प्रत्येक मुलात असते. पण क्रमाने अक्षरं शिकवायची म्हटली तर श्रेया, समृद्धी, कृष्णा, ज्ञानेश्वर यांनी आपल्या नावापर्यंत पोचायचं कधी? त्यांची जोडाक्षरं वर्षाच्या शेवटाला. आता जूनच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाचं नाव जाड अक्षरात त्याच्यासमोर ठेवते. अवघड आहे म्हणून कुणी रडलेलं मला आठवत नाही.

आमच्याच तालुक्यात सुदुंबरे आहे, संताजी जगनाड्यांचं गाव. तेलाचा घाणा चालवणारा माणूस. तुकोबांचे अभंग त्यांनी वहीत उतरवून ठेवले आणि त्या वह्यांमुळे कितीतरी अभंग आपल्यापर्यंत आले. दरवर्षी जयंतीला त्यांच्या फोटोला हार घातला जातो. मला त्यांच्या लेखनाचं कारण फार मोलाचं वाटतं. ऐकलेलं नाहीसं होऊ नये असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी लिहिलं. माझ्या वर्गातल्या मुलांकडे लिहिण्यासाठी असं काय कारण होतं? मॅडम तपासणार, एवढंच.

तपासण्याविषयीही सांगते. दुसरीतल्या मुलांना मी रोज एक ओळ मनाने लिहायला सांगते. एका मुलीने लिहिलं होतं की आज आई कामाला गेली नाही, ती निजून होती. ‘आई’ची ई ऱ्हस्व होती, ‘निजून’चा ‘नि’ दीर्घ. दोन्हींवर मी लाल गोल केले, खाली सही केली आणि वही पुढे सरकवली. मधल्या सुट्टीत ती मुलगी जेवत नव्हती, तेव्हा ती ओळ मला आठवली. मी ती तपासली होती, पण वाचली नव्हती. त्यानंतर आधी मजकुराला उत्तर द्यायचं, एखादं वाक्य लिहून का होईना, असं मी ठरवलं. चुका नंतर, आणि एका वेळी एकाच प्रकारच्या. मुलांचं शुद्धलेखन त्यामुळे बिघडलं असं मला दिसलेलं नाही. ओळींची लांबी मात्र वाढली.

आता रकान्यांबद्दल, कारण सदसद्विवेकाशी सगळ्यात कठीण झटापट तिथे होते. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, अशा पायऱ्यांवर प्रत्येक मूल कुठे आहे ते आम्हाला नोंदवावं लागतं. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. उद्दिष्ट योग्यच आहे, आणि गरज किती आहे ते आकड्यांत दिसतं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०१८ साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.३ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात शाळा बंद होत्या. मार्च २०२० मध्ये बंद झालेले आमचे पहिली-दुसरीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले, तेव्हा एकही दिवस पहिलीत न बसलेली मुलं दुसरीत होती.

शब्दाच्या पायरीवर असलेलं मूल परिच्छेदाच्या रकान्यात टाकलं तर काय होतं? शाळेची टक्केवारी सुधारते, केंद्राची सुधारते, बैठकीत मान खाली घालावी लागत नाही. आणि त्या मुलाला पुढच्या वर्षी मदतीची गरज आहे, ही गोष्ट कागदावरून नाहीशी होते. पुढचे शिक्षक त्याला वाचणारा समजून पुढे निघतात. मी असं केलं आहे. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. ‘महिन्याभरात येईलच त्याला’ असं म्हणून मी खूण केली, आणि तो महिना कधी आलाच नाही. कुणाच्या नावापुढे चुकीची खूण केली आणि त्याचं पुढे काय झालं, हे मला ठाऊक आहे. त्यातला एक आता कामशेतला गॅरेजमध्ये कामाला आहे. भेटला की प्रेमाने हाक मारतो, मोबाइलवर आलेला मजकूर मात्र दुसऱ्याकडून वाचून घेतो. त्याने मला कधी काही विचारलेलं नाही.

आता मी पालकांसमोरच मुलाला वाचायला लावते आणि त्यांच्यासमोरच नोंद करते. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्या आयांनाही आपलं मूल अडखळतंय की सरळ जातंय हे कळतं. खोटी खूण करायची मग हिंमत होत नाही. आमच्या वर्गाचे आकडे त्यामुळे खाली आले, आणि का आले ते मला लेखी द्यावं लागलं. दिलं.

कातकरी मुलांचं उत्तर मात्र मला अजून नीट सापडलेलं नाही. दिवाळी झाली की त्यांची कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. शिक्षण हमी पत्रक दिलं जातं, जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना घ्यावं अशी तरतूद आहे, कायद्याने वयाप्रमाणे वर्गही मिळतो. पण भट्टी गावापासून लांब असते, धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं, आणि जूनमध्ये ते मूल अक्षरं विसरून एक इयत्ता पुढे येऊन बसतं. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. आमच्या मुलांच्या भट्ट्या दरवर्षी बदलतात, तिथे असं काही असेलच याची खात्री नसते. मी जाताना त्यांच्याबरोबर पुस्तकं देते. काही पुस्तकं परत येतात, काही भिजतात.

यंदा मी एक बदल केला. ही मुलं माझ्याकडे जून ते दिवाळी एवढीच असतात, तर तेवढ्या काळात सगळ्यात पुढे, माझ्या हाताशी तीच बसतील असं ठरवलं. सकाळचा पहिला वेळ त्यांचा, मोठ्याने वाचायची पहिली पाळी त्यांची, गोष्ट निवडायची तीही त्यांनी. जी मुलं घरूनच तयार होऊन येतात त्यांना मी पेटीतली पुस्तकं देऊन आपापलं वाचायला बसवते. दोन महिने झाले. कातकरी मुलांपैकी काही शब्दांवर आली आहेत, एक मुलगी परिच्छेदाला भिडते आहे. आणि परवा पहिल्या बाकावरून मागे गेलेल्या एका मुलाची आई दारात येऊन उभी राहिली. चिडलेली नव्हती. “मॅडम, माझ्या पोराला येतंय म्हणून त्याच्याकडं बघायचं न्हाई का? त्यालाबी वाटतं ना, मॅडमनी आपलं ऐकावं.” तिचं म्हणणंही खरं आहे. महिनाअखेरीच्या पालकसभेत हा विषय मीच काढणार आहे, कुणाला किती वेळ देते ते सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि त्यांनाही विचारणार आहे.